गावचा रेडिओ मुका होऊ नये

आजच्या मोबाईलवर मक्केची अजान थेट ऐकता येते, परदेशातल्या बातम्या येतात, लाखो गाणी वाजतात. पण त्याच मोबाईलवर मीडियम वेव्हचे केंद्र लागत नाही, कारण ती लहर पकडणारा भागच त्यात बसवलेला नसतो. काही मोबाईलमध्ये एफएम असते, तेही बहुतेक वेळा इअरफोनची तार जोडल्यावरच वाजते. सांगली, परभणी, जळगाव, रत्नागिरी या गावांतून जो आवाज वर्षानुवर्षे आपल्या ओसरीवर येत होता, तो आज घरात सर्वात जास्त हाताळल्या जाणाऱ्या यंत्रावर थेट हवेतून येत नाही. लहान गावच्या आकाशवाणी केंद्रांची कहाणी इथून सुरू होते.

ही केंद्रे मोठ्या शहरांच्या मानाने उशिरा आली. सांगलीचे केंद्र १९६३ साली सुरू झाले, जळगावचे १९७६ साली आणि रत्नागिरीचे १९७७ साली. रेडिओच्या पट्टीवर सांगलीला १२५१ किलोहर्ट्झची जागा मिळाली, जळगावला ९६३ ची, रत्नागिरीला ११४३ ची. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे आकडे पाठ नसत. काटा कुठे थांबवायचा ते त्यांच्या बोटांना माहीत असे. काही घरांत तर त्या जागी पेनाने खूण केलेली असायची.

या केंद्रांनी दिले काय? बाजारभाव, हवामान, शेतीचा सल्ला, बायकांचे कार्यक्रम, मुलांची गंमत, पत्र पाठवून मागवलेली गाणी. त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्याच जिल्ह्याची बोली त्यातून ऐकू येई. आपल्या गावचे नाव रेडिओवर आले की अख्खी आळी कान टवकारायची. रेडिओ हा नुसता करमणुकीचा डबा नाही, हे आपल्या राज्याने फार लवकर दाखवून दिले होते. १९५६ साली पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने पाच जिल्ह्यांतील सुमारे दीडशे गावांत शेतकऱ्यांची श्रोता मंडळे चालवली. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करत आणि आपले प्रश्न केंद्राला कळवत. पुढे हा प्रयोग देशात इतरत्रही नेण्यात आला.

आपल्या मुस्लिम घरांचा रेडिओशी आणखी एक धागा आहे. रमजानच्या एकोणतिसाव्या रोज्याला मगरिबची नमाज झाली की आभाळ ढगाळ असलेल्या गावात सगळे रेडिओभोवती जमत. चांदची शहादत मिळाली का, ईद उद्या की परवा, हे बातम्यांतून कळे. बातमी आली की स्वयंपाकघरात शेवया भाजायची घाई सुरू होई. औरंगाबाद केंद्राचे उर्दू बातमीपत्र मराठवाड्यातल्या कित्येक घरांत रोजच्या चहाबरोबर ऐकले जाई. आता चांदची बातमी व्हॉट्सअॅपवर येते, आणि दहा ठिकाणांहून दहा प्रकारची येते. खरी कोणती हे ठरवता ठरवता इशा होते. रेडिओवर एकच बातमी येत असे. ती कुणी सांगितली हे सर्वांना ठाऊक असे आणि चुकली तर जाब कुणाला विचारायचा हेही ठाऊक असे.

मनोरा आणि जमिनीखालच्या तारा

मग ही केंद्रे अडचणीत का आली? पहिले कारण यंत्राचे आहे. ११४३ किलोहर्ट्झवरची एक लहर सुमारे २६२ मीटर लांब असते. ती नीट फेकायची तर मनोरा साधारणपणे तिच्या चौथ्या हिश्श्याइतका, म्हणजे ६५ मीटरच्या आसपास, उंच लागतो. मनोऱ्याच्या पायथ्यापासून चहूबाजूंना जमिनीखाली तांब्याच्या तारा पसरलेल्या असतात. त्यासाठी कित्येक एकर मोकळी जागा लागते. वीजबिल मोठे येते. जुन्या प्रक्षेपकांचे सुटे भाग मिळेनासे होतात. तांबे चोरीला जाण्याची भीती वेगळीच. याउलट एफएमचा लहान प्रक्षेपक एका खोलीत मावतो आणि त्याची विजेची भूकही कमी असते. हिशेबाच्या वहीत मीडियम वेव्ह नेहमीच महाग ठरते.

दुसरे कारण आपल्या घरातच आहे. एलईडी दिवे, मोबाईलचे चार्जर, इन्व्हर्टर या सगळ्यांतून निघणारा विद्युत गोंधळ नेमका मीडियम वेव्हवर येतो. रेडिओ लावला की खरखर ऐकू येते. ऐकणाऱ्याला वाटते की केंद्रच बिघडले आहे. तो रेडिओ बंद करून माळ्यावर टाकतो.

तिसरे कारण माणसांचे आहे. लहान केंद्रांत कायमस्वरूपी भरती वर्षानुवर्षे रखडली. कार्यक्रम अधिकारी निवृत्त झाले आणि त्यांच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. ज्या निवेदकांचा आवाज आपण घरच्या माणसासारखा ओळखतो, त्यांच्यापैकी अनेक जण नैमित्तिक असतात. त्यांना महिन्याला जेमतेम सहा ड्युट्या मिळतात. एवढ्या मानधनावर घर चालत नाही. तरीही पावसापाण्यात पहाटेच्या सभेला वेळेवर पोहोचणारी ही माणसे आहेत, आणि नोकरीत कायम व्हावे म्हणून त्यांना कोर्टाच्या पायऱ्याही चढाव्या लागल्या आहेत.

माणसे कमी झाली की स्थानिक कार्यक्रम कमी होतात. ती वेळ मुंबई-दिल्लीच्या सहक्षेपणाने भरली जाते. गावचा आवाज ऐकू येईना, म्हणून गावचा श्रोता दूर जातो. श्रोता दूर गेला, म्हणून केंद्रावर खर्च का करायचा असा प्रश्न विचारला जातो. असे केंद्र एका फर्मानाने क्वचितच बंद पडते. मुळांना पाणी न मिळालेल्या झाडासारखे ते उभ्या उभ्या सुकते, आणि शेवटी लोक म्हणतात, झाड तर वाळलेलेच होते.

एफएमने भागेल काय?

प्रसार भारतीने गेल्या काही वर्षांत जुने मीडियम वेव्ह प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले आहेत. भर आता एफएमवर आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने आकाशवाणी आणि दूरदर्शनच्या सुधारणेसाठी २,५३९.६१ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. त्याच वर्षी २८ एप्रिलला देशात ९१ ठिकाणी १०० वॉटचे एफएम प्रक्षेपक एकाच दिवशी सुरू झाले. हे चांगलेच झाले. एफएमचा आवाज स्वच्छ असतो आणि तरुणांना तो आवडतो.

पण आकडे नीट वाचले पाहिजेत. या योजनेने आकाशवाणीच्या एफएमची पोहोच लोकसंख्येच्या ६८ टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर आणि भूभागाच्या ५९ टक्क्यांवरून ६६ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले. म्हणजे सगळे ठरल्याप्रमाणे पार पडले, तरी देशाची एक तृतीयांश जमीन आणि दर पाचांतला एक माणूस एफएमबाहेर राहतो. याउलट सर्व प्रकारच्या लहरी मिळून आकाशवाणी देशाच्या ९२ टक्के भूभागावर पोहोचते, असे सरकारी आकडेवारीच सांगत आली आहे. या दोन आकड्यांमधली जागा मुख्यतः मीडियम वेव्हने भरलेली आहे.

ती जागा कुठे आहे, हे कोकणातल्या माणसाला नकाशा न उघडता सांगता येईल. एफएमची लहर सरळ रेषेत जाते आणि डोंगर आडवा आला की अडते. सह्याद्रीच्या पायथ्याच्या वाड्या, खाडीच्या वळणावरची गावे, घाटातले रस्ते तिच्या सावलीत पडतात. मीडियम वेव्हची लहर जमिनीला धरून चालते, चढउतार ओलांडते. खाऱ्या पाण्यावरून तर ती जमिनीपेक्षा कितीतरी लांब जाते. रत्नागिरीच्या मिरकरवाडा, राजिवडा, साखरतर या वस्त्यांतले आपले मच्छीमार बांधव नौका घेऊन निघतात, तेव्हा किनारा मागे पडताच मोबाईलची रेंजही मागे पडते. मोठ्या नौकांवर वायरलेस असतो, पण लहान होडीवरच्या माणसाजवळ सेलवर चालणारा छोटा रेडिओ हेच काय ते बातमीचे साधन असते. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान वादळ आले, मे २०२१ मध्ये तौक्ते आले. दोन्ही वेळा मासेमारीचा हंगाम चालू होता. फयानमध्ये कोकणातले कितीतरी मच्छीमार घरी परतले नाहीत. त्या घरांना हवामानाच्या इशाऱ्याचे मोल कुणी समजावून सांगायला नको.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन परिसरात धडकले. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागात झाडे आणि विजेचे खांब आडवे झाले. मोबाईलचे मनोरे बंद पडले आणि कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली. मुंबईतले आणि आखातातले आपले नातेवाईक फोन लावून लावून थकले. अशा दिवशी गावात हवेतून येणारा आवाज फक्त रेडिओचा असू शकतो, कारण तो दोन सेलवर चालतो आणि त्याला टॉवर लागत नाही. आणखी एक गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. वीज गेली की घरातले दिवे आणि चार्जर बंद होतात आणि त्यांच्याबरोबर ती खरखरही थांबते. सगळे काही बंद पडते, नेमके तेव्हाच मीडियम वेव्ह सर्वात स्पष्ट ऐकू येते.

२०२० च्याच टाळेबंदीत शाळा बंद होत्या. ज्या मुलांच्या घरी स्मार्टफोन नव्हता, त्यांच्यासाठी नागपूर केंद्रावरून 'शाळेबाहेरची शाळा' हा कार्यक्रम सुरू झाला. एका साध्या रेडिओने वर्ग भरवला.

करता येण्यासारखे

जुनी यंत्रे जशीच्या तशी चालवा, असा आमचा हट्ट नाही. काळ बदलतो. बीबीसी हिंदीचे लघुलहरीवरचे प्रसारणही ३१ जानेवारी २०२० ला थांबले. डिजिटल मीडियम वेव्हचा मार्ग आकाशवाणीने चाचपून पाहिला, पण ते ऐकण्याचे संच महाग आहेत आणि दुकानात सहजी मिळत नाहीत. इंटरनेटवर आकाशवाणीची दोनशेहून अधिक केंद्रे ऐकता येतात, पण ती नेटवर्क असेपर्यंतच. आमचे मागणे एवढेच की, समुद्रकिनारा, डोंगरी आणि पूरग्रस्त भागातले मीडियम वेव्ह केंद्र बंद करण्याआधी तिथल्या प्रत्येक वाडीत आणि नौकेवर दुसरा आवाज पोहोचतो का, हे प्रत्यक्ष जाऊन तपासावे. खर्चाची वही उघडताना वादळाच्या दिवसाचा हिशेबही त्यात मांडावा. आणि केंद्र कोणत्याही लहरीवर असो, दिवसातले काही तास तरी त्या जिल्ह्याच्या माणसांनी, त्या जिल्ह्याच्या बोलीत बोलावे.

सामुदायिक रेडिओचाही रस्ता आहे. सरकारने २००६ पासून सेवाभावी संस्थांना अशी केंद्रे चालवण्याची परवानगी दिली. माण तालुक्यातल्या म्हसवडला 'माणदेशी तरंग' २००८ पासून गावच्या बायाबापड्यांच्या आवाजात चालते. त्याची पोहोच थोड्या किलोमीटरचीच असते, पण आपल्या शिक्षणसंस्थांनी आणि ट्रस्टनी यावर विचार करायला काय हरकत आहे?

आणि आपण? माळ्यावरचा रेडिओ खाली काढा. त्यातले जुने सेल पाझरले असतील तर साफ करा. नवा घेणार असाल तर मीडियम वेव्ह आणि एफएम दोन्ही असलेला घ्या, आणि पावसाळ्यात त्याचे सेल मेणबत्तीशेजारी ठेवा. आपल्या जिल्ह्याचे केंद्र पट्टीवर कुठे लागते, ते मुलांना एकदा दाखवून द्या. कार्यक्रम आवडला तर केंद्राला पोस्टकार्ड टाका, आणि स्थानिक कार्यक्रम कमी झाला तर तेही लिहून कळवा. लहान केंद्राच्या टेबलावर आलेली पन्नास पत्रे तिथल्या अधिकाऱ्याला वरच्या कार्यालयाशी भांडायला बळ देतात. दादी-नानींना कोकणी मुसलमानांच्या बोलीतली लग्नगीते येत असतील, तर ती ध्वनिमुद्रित व्हावीत म्हणून केंद्राकडे स्वतःहून जा.

वादळ आल्यावर मनोरा उभारता येत नाही. तो आधीपासून उभा असावा लागतो, आणि त्याच्याखाली बोलणारे माणूसही असावे लागते.