डीव्हीआरचा पासवर्ड बदललात का?

गुजरीतल्या सराफी दुकानापासून राजारामपुरीतल्या फ्लॅटपर्यंत कोल्हापुरात राउटर आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर आता सगळीकडे दिसतो. ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१ यासारखा पत्ता टाकला, की यंत्राचे सेटिंगचे पान उघडते. ते परक्याच्या हाती लागले तर? फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिलांच्या तपासणीचे सीसीटीव्ही चित्रण इंटरनेटवर विकले जात असल्याचे उघड झाले. अटकेचे धागे लातूर आणि आपल्या शेजारच्या सांगलीपर्यंत आले.

सेटिंगच्या पानाच्या पत्त्याच्या सुरुवातीला नुसते एचटीटीपी असेल, तर पासवर्ड नेटवर्कवरून उघडाच जातो. एचटीटीपीएस असेल, तर तो कूटबद्ध होऊन जातो. तरीही ब्राउझर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ असा इशारा देतो, कारण यंत्राचे प्रमाणपत्र त्याने स्वतःच बनवलेले असते. यंत्र आणि नेटवर्क आपलेच असल्याची खात्री असेल, तरच पुढे जा. बँकेच्या साइटवर असा इशारा आला, तर तिथेच थांबा.

कंपनीने दिलेला ‘अ‍ॅडमिन’ पासवर्ड आजच बदला. ‘रिमोट मॅनेजमेंट’ बंद ठेवा, फर्मवेअर अपडेट करा आणि काम झाले की लॉगआउट करा. बाहेरगावाहून सेटिंग बदलायचीच असतील, तर व्हीपीएन वापरा.