बोर्ड जळला म्हणण्याआधी

जुन्या टीव्हीचा पडदा, एक कीबोर्ड आणि रास्पबेरी पाय हा छोटा बोर्ड जोडला, की घरच्या घरी संगणक तयार होतो. त्याला तापमान मोजणारा आर्डुइनो उनो बोर्ड जोडला, की पडद्यावर आकडे यायला हवेत. पण कधी काहीच येत नाही, कधी नुसती वेडीवाकडी चिन्हे येतात. मग घरात निकाल लागतो, "बोर्ड जळला, नवा मागवा." आमच्या सावलीत असा भाग बाहेरगावाहून मागवावा लागतो. पैसे जातात, दिवस जातात आणि लेकराची उमेदही जाते. म्हणून आधी अर्धा तास तपासणीला द्यावा.

या दोन बोर्डांच्या बोलण्याला सिरियल संवाद म्हणतात. अक्षराचे आठ बिट एकाच तारेवरून एकामागून एक जातात. पद्धत जुनी आहे, पण कमी दर्जाची समजू नका. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये तयार केलेल्या परम ८००० या महासंगणकातले प्रोसेसरही सिरियल दुव्यांनीच एकमेकांशी बोलत.

पहिली तपासणी व्होल्टची, तीही वीज बंद करून. उनो ५ व्होल्टवर बोलतो, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्याच आहेत. थेट जोडल्यास पाय खराब होऊ शकतो. उनोची टीएक्स तार १ किलोओहमच्या रेझिस्टरमधून पायच्या आरएक्सला न्यावी आणि त्याच आरएक्सपासून २ किलोओहमचा रेझिस्टर ग्राउंडला जोडावा.

दुसरी तपासणी तारांची. टीएक्स म्हणजे तोंड, आरएक्स म्हणजे कान. एकाचे तोंड दुसऱ्याच्या कानाला लागले पाहिजे. दोघांचे ग्राउंडही एकमेकांना जोडलेले हवे.

तिसरी सर्वांत कामाची. उनोच्या तारा काढा. पायच्या सेटिंगमध्ये सिरियल पोर्ट सुरू आणि सिरियल लॉगिन बंद करा. ८ आणि १० क्रमांकाच्या पिना एका तारेने जोडा. मिनिकॉम उघडून लोकल एको आणि हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करा व काही टाइप करा. तीच अक्षरे परत आली, तर पायची बाजू ठीक आहे. दोष पुढे शोधावा. नाही आली, तर तो इकडेच आहे.

चौथी वेगाची. चिन्हे वेडीवाकडी येत असतील, तर बहुधा दोन्हीकडचा वेग जुळत नाही. ९६०० वेग ठेवला, तर आठ बिटांना सुरुवातीचा व शेवटचा एकेक मिळून दहा होतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरे. गंमत म्हणजे कागदावर लिहिलेल्या आठ बिटांपैकी सर्वांत उजवीकडचा बिट आधी निघतो, अगदी उर्दूसारखा. उर्दू मजकूर डावीकडून वाचला तर अर्थ लागेल का? इथेही दोन्हीकडचे नियम एकच हवेत.

अम्मी-अब्बूंना इलेक्ट्रॉनिक्स यायलाच हवे असे नाही. मुलाला किंवा मुलीला एक वही द्यावी, प्रत्येक तपासणी लिहायला सांगावी आणि एवढेच विचारावे, "अक्षर कुठपर्यंत पोहोचले?" त्याचे उत्तर मिळाले, की नवा भाग खरोखर लागणार का, तेही कळेल.