हिवाळी ऑलिंपिकमधील स्की जंपिंग

स्की जंपिंग हा बर्फावरील एक क्रीडाप्रकार आहे. त्यात खेळाडू पायांना लांब स्की बांधून उंच उतारावरून वेगाने घसरत येतो, उताराच्या टोकाशी स्वतःला पुढे झोकून देतो आणि हवेतून तरंगत खालच्या उतारावर उतरतो. उडीचे अंतर आणि तिची शैली या दोन्हींवर गुण दिले जातात. इ.स. १९२४ मधील पहिल्या हिवाळी ऑलिंपिकपासून हा खेळ प्रत्येक हिवाळी ऑलिंपिकमध्ये खेळला गेला आहे. महिलांना मात्र त्यात २०१४ साली प्रथम प्रवेश मिळाला. चांगली उडी कशास म्हणावे आणि ती स्पर्धेत मारण्याचा अधिकार कोणास असावा, या दोन प्रश्नांची उत्तरे काळानुसार बदलत गेली. या खेळाचा इतिहास बव्हंशी त्या बदलांचा इतिहास आहे.

टेकडी आणि गुणदान

ऑलिंपिकमध्ये साधारण आणि मोठी अशा दोन आकारांच्या टेकड्यांवर स्पर्धा होतात. मोठ्या टेकडीवर खेळाडूचा वेग ताशी सुमारे ९० किलोमीटर असतो. घसरण्याच्या मार्गाचे टोक वर वळलेले असते असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात ते किंचित खालीच झुकलेले असते. त्यामुळे खेळाडूला योग्य क्षणी पायांच्या जोरावर झेप घ्यावी लागते. खालचा उतार त्याच्या उड्डाणमार्गाशी मिळताजुळता असल्याने जमिनीवर उतरताना बसणारा धक्का सौम्य होतो.

प्रत्येक टेकडीवर ‘के-बिंदू’ नावाची खूण असते. साधारण टेकडीवर ती ९० ते १०० मीटरांच्या आसपास, तर मोठ्या टेकडीवर १२० मीटरांच्या आसपास असते. अंतराची कल्पना यावी म्हणून एक तुलना करता येईल. वेरूळच्या कैलास लेण्याचे प्रांगण सुमारे ८० मीटर लांब आहे. साधारण टेकडीवरील चांगली उडी ते संपूर्ण प्रांगण एका झेपेत ओलांडील.

के-बिंदूपर्यंतच्या उडीस ६० गुण मिळतात. त्यापुढील किंवा अलीकडील प्रत्येक मीटरामागे ठरावीक गुण वाढतात वा कमी होतात. शैलीसाठी पाच परीक्षक प्रत्येकी कमाल २० गुण देतात. त्यांतील सर्वाधिक व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिघांच्या गुणांची बेरीज करतात. एक पाऊल पुढे ठेवून व गुडघे वाकवून उतरण्याच्या पद्धतीस ‘टेलेमार्क’ म्हणतात. तसे न उतरल्यास गुण कापले जातात.

उगम व प्रारंभीचा काळ

या खेळाचा उगम नॉर्वेत झाला. तेथील टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नूरहाइम (१८२५–१८९७) यास आधुनिक स्कीइंगचा जनक मानले जाते. राजधानीजवळील होल्मेनकोलेन येथील स्पर्धा १८९२ साली सुरू झाल्या. १९२४ मध्ये फ्रान्समधील शामोनी येथे पहिले हिवाळी ऑलिंपिक झाले आणि त्याच वेळी आंतरराष्ट्रीय स्की महासंघाची स्थापना झाली.

शामोनीत नॉर्वेच्या याकोब टुलिन थाम्सने सुवर्णपदक जिंकले. कांस्यपदक त्याचाच देशबंधू थोर्लाइफ हौग यास देण्यात आले. गुणांच्या बेरजेत चूक झाली होती, हे पुढे पन्नास वर्षांनी लक्षात आले. तिसरे स्थान वस्तुतः नॉर्वेत जन्मलेल्या अमेरिकन अँडर्स हाउगेन याचे होते. हौग तोवर हयात नव्हता. १९७४ साली ऑस्लो येथे त्याच्या कन्येने ते पदक ८५ वर्षांच्या हाउगेनच्या हाती दिले.

पहिली काही दशके नॉर्वेचे वर्चस्व होते. बिर्गर रूडने १९३२ व १९३६ मध्ये सुवर्णपदक पटकावले आणि दुसऱ्या महायुद्धामुळे दोन ऑलिंपिक रद्द झाल्यानंतर १९४८ मध्ये रौप्यपदक मिळवले. १९६४ पासून ऑलिंपिकमध्ये दोन टेकड्यांवर स्पर्धा होऊ लागल्या. १९७२ च्या साप्पोरो ऑलिंपिकमध्ये साधारण टेकडीवरील तिन्ही पदके यजमान जपानने मिळवली. सांघिक स्पर्धा १९८८ मध्ये, तर मिश्र सांघिक स्पर्धा २०२२ मध्ये सुरू झाली.

शैलीतील बदल

दीर्घकाळ दोन्ही स्की समांतर ठेवणे हेच उत्तम शैलीचे लक्षण मानले जाई. फिनलंडच्या मट्टी निकेनेनने १९८८ मध्ये याच पद्धतीने तीन सुवर्णपदके जिंकली. त्याच सुमारास स्वीडनचा यान बोकलेव्ह स्कींची पुढची टोके फाकवून, इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारख्या आकारात उडू लागला. या स्थितीत हवेचा आधार अधिक मिळतो व उडी लांब जाते. परीक्षक त्याचे शैलीचे गुण कापत राहिले, तरीही अंतराच्या बळावर त्याने १९८८-८९ चा विश्वचषक जिंकला. त्यानंतर थोड्याच वर्षांत इतरांनी हीच पद्धत उचलली. १९९२ मध्ये टोनी निएमिनेन हा १६ वर्षांचा फिनिश खेळाडू याच पद्धतीने मोठ्या टेकडीवर विजेता ठरला. एकेकाळी दोष समजली गेलेली ही शैली आज सर्वमान्य आहे.

हवेच्या आधाराचे महत्त्व वाढले तसे वजन व पोशाख यांचे नियमही कडक झाले. अतिकृश खेळाडूंचे प्रमाण वाढल्याने, उंचीच्या मानाने वजन कमी असल्यास स्कीची अनुज्ञेय लांबी घटवण्याचा नियम आला. पोशाख सैल असल्यास खेळाडू बाद होतो. २०२२ च्या मिश्र सांघिक स्पर्धेत या कारणाने पाच महिला बाद ठरल्या.

महिलांचा सहभाग

विसाव्या शतकाच्या आरंभापासून महिला उड्या मारत होत्या, मात्र ऑलिंपिकचे दार त्यांना बंद होते. स्पर्धकांची संख्या व दर्जा पुरेसा नाही, असे कारण आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २००६ मध्ये दिले. अमेरिकेच्या लिंडसे व्हॅनने २००९ मध्ये महिलांचे पहिले जागतिक अजिंक्यपद जिंकले. त्याच वर्षी व्हँकूव्हर ऑलिंपिकमध्ये प्रवेश मिळावा म्हणून महिला खेळाडूंनी कॅनडातील न्यायालयात दाद मागितली. महिलांना वगळणे हा भेदभाव असल्याचे न्यायालयाने मान्य केले. तथापि कार्यक्रम ठरवण्याचा अधिकार स्थानिक आयोजकांचा नसून ऑलिंपिक समितीचा असल्याने त्यांची मागणी फेटाळली गेली. २०११ मध्ये समितीने संमती दिली आणि २०१४ मध्ये सोची येथे जर्मनीची कारिना फॉग्ट पहिली ऑलिंपिक विजेती ठरली. मोठ्या टेकडीवरील महिलांची स्पर्धा २०२६ च्या कार्यक्रमात प्रथमच समाविष्ट झाली. स्की जंपिंग आणि बर्फावरील शर्यत यांचा मिळून होणारा ‘नॉर्डिक कम्बाइंड’ हा प्रकार मात्र २०२६ मध्येही केवळ पुरुषांसाठीच राहिला.

भारत

भारताने १९६४ मध्ये इन्सब्रुक येथे हिवाळी ऑलिंपिकमध्ये प्रथम भाग घेतला. त्यानंतर भारतीय खेळाडू अल्पाइन स्कीइंग, क्रॉस-कंट्री स्कीइंग व ल्यूज या प्रकारांत उतरले. स्की जंपिंगमध्ये अद्याप कोणी उतरलेले नाही. गुलमर्ग व औली येथील नैसर्गिक उतारांवर स्कीइंग शिकता येते. या खेळाला मात्र खास बांधलेल्या, लहानापासून मोठ्यापर्यंत चढत्या आकाराच्या टेकड्या लागतात आणि खेळाडू लहानपणापासून त्यांवर क्रमाक्रमाने तयार होतो. शिवाय १९८८ मध्ये ब्रिटनचा एडी एडवर्ड्स शेवटच्या क्रमांकावर येऊनही जगभर लोकप्रिय झाला, त्यानंतर पात्रतेचे निकष कठोर करण्यात आले. परिणामी, ज्या देशांत या खेळाची परंपरा नाही, त्यांच्यासाठी ऑलिंपिकची वाट अधिक अवघड झाली आहे.