कोटेशनमधला एक आकडा आणि घोडेगावचा भाव

नगर जिल्ह्यात बसून शेतमालाच्या भावावर संशोधन करायचं म्हटलं की कांदा टाळता येत नाही. आणि कांद्याच्या निर्यातीवर प्रबंध लिहायचा विचार असेल, तर संदर्भग्रंथांच्याही आधी एक साधा कागद वाचायला शिका: निर्यातदार परदेशी ग्राहकाला पाठवतो ते कोटेशन, म्हणजेच प्रोफॉर्मा इन्व्हॉइस. त्यावर टनाला इतके डॉलर असा एकच आकडा असतो. पण तो आकडा कुठला, कोणत्या तारखेचा आणि कोणत्या नियमाखालचा, हे कळलं नाही तर पुढचं सगळं गणित वाऱ्यावर.

आधी ‘कुठला’. एफओबी म्हणजे माल न्हावाशेवाला जहाजावर चढेपर्यंतची किंमत. सीएफआर म्हणजे त्यात कोलंबो किंवा जेबेल अलीपर्यंतचं जहाजभाडं धरलेलं. सीआयएफमध्ये वर विमासुद्धा. (कंटेनरच्या मालाला एफओबी न वापरता एफसीए वापरा, असं इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्स सांगतं. पण आपल्याकडे बोलण्यात आणि कस्टम्सच्या कागदांत एफओबीच चालतं, तेव्हा आपणही तेच धरू.)

आता हिशेब. यातले खर्चाचे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, सर्वेक्षणातले नाहीत. समजा घोडेगावच्या लिलावात गावरान कांदा २० रुपये किलोने घेतला. प्रतवारीत गोल्टी, जोड, कोंब आलेला असा माल बाजूला पडून १०० किलोतला ८५ किलोच निर्यातीला लागला. म्हणजे खरेदीच साडेतेवीस रुपयांवर गेली. (बाजूला पडलेला माल इथेच विकून थोडेफार परत येतात, ते सोडून देऊ.) गोण्या आणि निवडाईची मजुरी ३, बंदरापर्यंतचं भाडं अडीच, बंदर-कागदपत्रांचा खर्च दीड, व्यापाऱ्याचा नफा दीड. झाले ३२ रुपये. टनाला ३२,०००, डॉलर ८४ रुपयांचा धरला तर ३८१ डॉलर.

हे झालं सरकार मध्ये नसतानाचं. आता तारखा बघा. १९ ऑगस्ट २०२३ ला केंद्राने कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं. ऑक्टोबरच्या अखेरीस टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य, म्हणजे एमईपी आली. ८ डिसेंबरपासून निर्यातबंदी. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण ५५० डॉलर एमईपी आणि ४० टक्के शुल्क अशा जोडीनं. १३ सप्टेंबर २०२४ ला एमईपी गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं. १ एप्रिल २०२५ पासून शुल्क शून्य. दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत इतके बदल! म्हणून कोटेशनवर ‘अमुक तारखेपर्यंत वैध’ ही ओळ लिहिलेली असते. ती शोभेची नाही. दर कळवल्यावर आणि माल बंदरात पोचायच्या आत अधिसूचना आली तर तो बोजा कोणी उचलायचा, हे त्या आणि तिच्या शेजारच्या अटींवर ठरतं.

मे २०२४ चे नियम आपल्या ३८१ डॉलरला लावून बघू. सरळ ४० टक्के मिळवले तर ५३३ येतात. हे दोन्हीकडून चुकीचं. एक तर ५३३ हा ५५० च्या खाली, म्हणजे त्या दराने माल बाहेर जाऊच शकत नाही. दुसरं, १ जानेवारी २००९ पासून निर्यात शुल्काची आकारणी एफओबी किमतीवर होते, आपल्या पदरच्या खर्चावर नाही. म्हणून कोणी ५५० लिहिले तर २२० शुल्कात जातात, हातात ३३० उरतात. टनाला ५१ डॉलर खड्डा. २८ टनांच्या कंटेनरला १,४२८. बरोबर रीत म्हणजे ३८१ ला ०.६ ने भागायचं. उत्तर ६३५. त्यातले २५४ शुल्काचे, ३८१ आपले.

तोच कांदा, तोच खर्च. एप्रिल २०२५ नंतरचं कोटेशन ३८१ चं आणि मे २०२४ चं ६३५ चं.

पण ६३५ डॉलर देणार कोण? परदेशी ग्राहकाकडे पाकिस्तान, चीन, इजिप्त यांचेही दर येतात. म्हणून निर्यातदार प्रत्यक्षात उलटा हिशेब करतो: समोरचा किती देतो तिथून मागे येत येत लिलावात किती बोलायचं ते ठरवतो. समजा समोरचा ५०० च्या वर जात नाही. मे २०२४ मध्ये ते कोटेशन करताच येत नव्हतं, एमईपी आडवी. सप्टेंबरनंतर २० टक्के शुल्क वजा जाऊन ४०० उरतात, म्हणजे किलोला ३३.६० रुपये. त्यातून खर्च-नफ्याचे साडेआठ काढा, घटीसाठी ०.८५ ने गुणा: घोडेगावात तो जास्तीत जास्त २१.३० बोलेल. शुल्क शून्य झाल्यावर हाच आकडा २८.५० होतो. बाकी काहीही न बदलता शेतकऱ्याच्या किलोमागे सात रुपयांचा फरक. प्रत्यक्षात ग्राहकही आपला दर हलवतो, त्यामुळे पूर्ण सात रुपये शेतकऱ्याकडेच येतील असं नाही. किती येतात, हाच तर संशोधनाचा प्रश्न आहे.

इथेच विद्यार्थी फसतात. सरकारी निर्यात आकडेवारीतली एकूण किंमत भागिले वजन केलं की ‘सरासरी निर्यात भाव’ मिळतो. मग बाजार समितीच्या भावाला त्याने भागून शेतकऱ्याचा वाटा काढतात. पण ती किंमत कागदावर जाहीर केलेली एफओबी असते. शुल्क असताना ती शुल्कासकट फुगलेली, तर एमईपी असताना त्या रेषेखाली जाऊच न शकणारी. शिवाय दोन्ही नियमांचा मोह उलटा: शुल्कामुळे किंमत कमी दाखवावीशी वाटते, एमईपीमुळे खरा सौदा खालचा असला तरी जास्त दाखवावी लागते. त्यामुळे त्या काळातला भाव ‘स्थिर’ दिसला म्हणून बाजार स्थिर होता असं लिहू नका. गाईडने विचारायच्या आत स्वतःच कालखंड पाडा, प्रत्येकाला वेगळा डमी द्या आणि शुल्क वजा केलेला एफओबी वेगळ्या रकान्यात ठेवा.

कस्टम्सचा कोड ०७०३१० आहे, पण त्यात शॅलटही येतात आणि बेंगळुरू रोझ कांद्याला मधल्या काळात वेगळे नियम होते, तेव्हा आठ अंकांपर्यंत खाली उतरा. आणि एक किरकोळ वाटणारं, पण चांगलाच वेळ खाणारं काम: जिल्ह्याचं नाव ऑक्टोबर २०२४ मध्ये अधिकृतपणे अहिल्यानगर झालं. बाजारभावांची जुनी मालिका काढताना ‘अहमदनगर’ आणि ‘अहिल्यानगर’ दोन्ही नावांनी शोधा, नाहीतर नेमकी शुल्कबदलाच्या महिन्यांतच मालिका तुटेल.