आधी निरोप, मग मैफल

निरोपाचा कार्यक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर एक ठरावीक चित्र उभे राहते. सभागृह भरलेले असते, हारतुरे होतात, कुणी वडीलधारा जुन्या आठवणी सांगतो आणि अखेरचे गाणे संपल्यावर श्रोते जड पावलांनी घरी परततात. परंतु वाचकहो, एका गायकवृंदाच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्यांचा निरोप आधी झाला, तोही भर समुद्रात, हारतुऱ्यांवाचून आणि टाळ्यांवाचून. रंगमंचावरील त्यांची पहिली मैफल त्यानंतर सुमारे तीस वर्षांनी झाली.

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर, नॉर्थ कॅरोलायना राज्यात बोफर्ट नावाचे एक लहानसे बंदर आहे. मेनहेडन नावाच्या माशावर या गावाने अनेक पिढ्या गुजराण केली. हा मासा तारलीसारखा तेलकट असतो. पण तो सहसा कुणाच्या ताटात पडत नाही. त्याचे तेल काढतात आणि उरलेल्या चोथ्याचे खत किंवा जनावरांचे खाद्य करतात. त्याचे नावही तेथील मूळ रहिवाशांच्या भाषेतून आले असून त्याचा अर्थ 'जमीन सुपीक करणारा' असा आहे.

हा मासा प्रचंड थव्यांनी फिरतो. थवा दिसला की मोठ्या जहाजावरून दोन होड्या पाण्यात उतरत. त्या दोन बाजूंनी जाळे सोडीत थव्याला वेढा घालीत आणि मग जाळ्याचा तळ बटव्याच्या तोंडासारखा आवळून घेत. खरे कष्ट येथून पुढे सुरू होत. घाबरलेले मासे खाली बुडी मारीत आणि त्यांच्या भाराने जाळे जागचे हलेनासे होई. तीसचाळीस माणसे होडीच्या काठाशी ओळीने उभी राहून जाळ्यात बोटे अडकवीत. एकेकट्याच्या जोराला येथे काही मोल नव्हते. सर्वांचा जोर एकाच क्षणी लागला, तरच जाळे हातभर वर येई.

तो क्षण गाणे ठरवीत असे. एक जण उंच स्वरात ओळ उचली, बाकीचे आपापल्या पट्टीत तीत सूर मिसळीत. ओळ संपली की गाणे थांबे आणि त्या थांबलेल्या जागेत सर्वांचे हात एकदम ओढीत. पुन्हा ओळ, पुन्हा ओढ. श्रमांना लय देणाऱ्या दर्यावर्दी गीतांना इंग्रजीत 'शँटी' म्हणतात. त्यांपैकीच ही गाणी. ती गाणारे बहुतेक सारे कृष्णवर्णीय अमेरिकन होते. त्यांच्या गाण्यांत चर्चमधील प्रार्थना होती, घरी वाट पाहणारी पत्नी होती, पगाराचा दिवस होता. तांडेल बहुधा गोरा असे. त्याला तोंडावर सांगता न येणारी गोष्टही गाण्याच्या आडून सांगता येई.

१९५० नंतरच्या दशकात यंत्र आले. क्रोएशियात जन्मलेल्या आणि कॅलिफोर्नियात मासेमारी करणाऱ्या मारिओ पुरातिच यांनी जाळे ओढणारी यांत्रिक कप्पी तयार केली. पाहता पाहता ती मेनहेडनच्या जहाजांवरही बसली. कष्ट हलके झाले, हे नाकारता येणार नाही. ओल्या दोरांनी सोललेल्या बोटांची ज्यांना आठवण होती, त्यांना यंत्राचा राग कसा यावा? पण पूर्वीइतक्या माणसांची गरज उरली नाही आणि कप्पीला गाण्याची गरज तर मुळीच नव्हती. कुठल्या तरी होडीवर, कुठल्या तरी दुपारी शेवटची ओळ म्हटली गेली असेल. ती शेवटची आहे, हे गाणाऱ्यांनाही त्या वेळी ठाऊक नसावे.

पुढे १९८८ मध्ये लोकसंस्कृतीच्या अभ्यासकांच्या प्रयत्नाने बोफर्टचे काही निवृत्त कोळी एकत्र आले. आता ते वृद्ध झाले होते. एकाने ओळ उचलली, दुसऱ्याला तिची जोड आठवली, आणि 'मेनहेडन शँटीमेन' हा वृंद उभा राहिला. १९९० मध्ये त्यांच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झाले. ज्या सभागृहात गाणे हे मोठमोठ्या कलावंतांचे स्वप्न असते, त्या न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्येही ते गायले.

या गायनातील एक गोष्ट मनाला विशेष भिडते. प्रत्येक ओळीनंतरची शांतता त्यांनी तशीच ठेवली होती. नव्या श्रोत्याला ती खटकते. ताल चुकला की काय, असे क्षणभर वाटते. वस्तुतः ती रिकामी जागा म्हणजे ओढण्याची वेळ. जाळे नव्हते, मासे नव्हते, तरी गाणे हातांसाठी थांबत होते.

अशा वृंदाला वारस मिळणे अवघड असते. ओळी पाठ करता येतात, सूर शिकता येतात. पण कुठे किती थांबायचे हे त्यांना जाळ्याच्या वजनाने शिकवले होते. बोफर्टमधील मेनहेडनचा अखेरचा कारखानाही २००५ मध्ये बंद झाला.

वाचकहो, हे गाव आपल्यापासून फार दूर असले, तरी ही कथा आपल्याला परकी नाही. पिठाची गिरणी आली आणि जात्यावरची ओवी मागे पडली. विहिरीवर पंप बसले आणि मोटेवरची गाणी थांबली. तमिळनाडूत पाणी उपसताना म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांचेही तेच झाले. आपल्या आज्यांनी पहाटे उठून पुन्हा दळावे, असे कोण म्हणेल? पण ज्यांनी दळले त्या अजून काही घरांत आहेत. त्यांच्याकडून ओवी लिहून घ्याल, तेव्हा केवळ शब्द लिहून थांबू नका. वैरण कोणत्या शब्दावर घालीत, दम कुठे घेत, खुंटा धरलेले दोघींचे हात एकमेकींना कसे सांभाळून घेत, हेही विचारा. बोफर्टच्या वृद्धांना तसे विचारणारे कुणीतरी वेळेवर भेटले, म्हणून त्यांचे गाणे आज आपल्याला ऐकता येते.