पॉमेरेनियन पाळताना

पॉमेरेनियनचं वजन जेमतेम दीड ते सव्वातीन किलो. केसांत हात घातला की आत मूठभर अंग लागतं. त्यामुळे गळ्यातला पट्टा ओढणं त्याला सोसत नाही. श्वासनलिकेच्या कूर्चेच्या कड्या मऊ पडून नळी दबते आणि कुत्रं बदक ओरडावं तसं खोकतं. फिरायला नेताना हार्नेसच घाला.

चालता चालता मागचा एक पाय उचलून दोन पावलं तीन पायांवर उडायचं, मग काही झालंच नाही अशा थाटात पुढे जायचं. लोक याला नखरा म्हणतात. बहुतेकदा गुडघ्याची वाटी सरकलेली असते. सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका.

लहान पिल्लू उपाशी राहिलं तर रक्तातली साखर झपाट्याने उतरते. दिवसातून चारेकदा थोडंथोडं भरवा. झोकांड्या खाऊ लागलं, तर हिरड्यांना मध चोळून लगेच डॉक्टर गाठा.

दात रोज घासावेत. शिऱ्यातला बेदाणा लाडानेही देऊ नये, तो मूत्रपिंडावर बेततो.

आणि उन्हाळ्यात केस भादरण्याचा सोस कशाला? ते पुन्हा नीट येतीलच असं नाही. नुसते विंचरा.