‘पुट’ की ‘पट’?

महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आले. तेव्हापासून जालना जिल्ह्यातल्या केदारखेड्यासारख्या गावांतही वर्गात हमखास हशा पिकतो. ‘कट’, ‘बट’ वाचणारे मूल ‘पी-यू-टी’ला ‘पट’ म्हणते. आपण हसतो, पण त्याने नियम बरोबर शोधला आहे, मोडला तो इंग्रजीने! इंग्रज मुलेही लहानपणी ‘गो’चा भूतकाळ ‘गोड’ करतात. (आपल्याला तो गोडच वाटावा.) जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात मुलांना ‘वग’ नावाचा काल्पनिक प्राणी दाखवला. दोन दिसताच मुले ‘वग्ज’ म्हणाली. हा शब्द त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, तेव्हा पाठांतराचा प्रश्नच नाही.

‘वेस्ट’ची गंमत निराळी. पश्चिम आणि बनियन, दोन्हींना आपला एकच ‘व’. इथे कान आडवा येतो. वर्कर आणि टीस यांना १९८४ साली आढळले, की इंग्रजी घरांतली सहा-आठ महिन्यांची बाळे हिंदीतले ‘त’ आणि ‘ट’ वेगळे ओळखतात. वर्षाची होईतो बहुतेकांना ते जमेनासे होते. म्हणून ‘नीट ऐक’ असे दरडावण्यात अर्थ नाही, आणि हसे झालेले मूल तर पुढे तोंडच उघडत नाही. आम्ही सुचवू, की वर्गात आरसा न्यावा. बनियनसाठी खालचा ओठ वरच्या दातांना टेकवायचा, पश्चिमेसाठी ओठांचा चंबू. पहिला चंबू गुरुजींनी करावा.